मानाची सातवी काठी

खडकवण्याच्या जत्रेत मानाची पहिली काठी खराड्यांची, यावरून गावात कधी वाद झाला नव्हता. बाकी सगळ्यावरून झाला होता. बांधावरून झाला होता, बोअरवरून झाला होता, आणि औषध फवारणारा ड्रोन आधी कोणाच्या द्राक्षबागेवर जाणार यावरून तर सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण खडकजाईच्या पायऱ्या चढायच्या त्या ठरलेल्या क्रमाने. सगळ्यांत पुढे खराडे, सगळ्यांत मागे बाबर. त्यामुळे जत्रेच्या आधीच्या आठवड्यात, रंगीत तालमीच्या दिवशी, देवळावरच्या कर्ण्यातून यंत्राचा गोड आवाज “मानाची पहिली काठी, बाबर” असं म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी आधी कर्ण्याकडे पाहिलं आणि मग संतोष बाबरांकडे.

संतोष बाबर आपल्या उंच, फेटा बांधलेल्या काठीला टेकून शेंगदाणे खात होते. त्यांचा नंबर यायला नेहमीच वेळ असायचा, म्हणून ते खिशात काहीतरी घेऊन येत. त्यांनी हातातले दाणे गुपचूप परत खिशात टाकले.

“परत विचारा त्याला,” देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष प्रवीणराव खराडे म्हणाले.

ट्रस्टच्या ऑफिसात बसलेल्या मिलिंद गुरवांनी परत बटण दाबलं. या वेळी पहिली काठी मुलाणींची निघाली. तिसऱ्यांदा सुतारांची. खराडे एकदा चौथे आले, एकदा पाचवे, आणि एकदा तर थेट शेवटी, बाबरांच्याही मागे. मग सगळ्यांच्या माना वळल्या त्या शरयूकडे.

शरयू ही संतोष बाबरांची एकुलती एक मुलगी, आणि जत्रांचं हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कोल्हापूरच्या कंपनीत ती चाचणीचं काम करायची. गावाने दोन अधिक दोन केले आणि उत्तर काढलं: पोरीने बापाची काठी पुढे आणली.

“मी काही केलेलं नाही,” ती म्हणाली. खरं तेच बोलत होती, तरी तिचे कान लाल झाले. कारण ‘पहिली काठी, बाबर’ ऐकताना तिला झालेला आनंद तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

लहानपणापासून तिने पप्पांना शेवटीच चढताना पाहिलं होतं. त्यांची पाळी येईपर्यंत हलगीवाले दमलेले असायचे, गुलाल संपलेला असायचा आणि निम्मी जत्रा जेवायला पांगलेली असायची. पहिलीत असताना एकदा तिने तिथेच पायरीवर बसून भोकाड पसरलं होतं, आपलीच काठी शेवटी का म्हणून. पप्पा हसून म्हणाले होते, “कुणीतरी शेवटी असतंयच की गं.” ते उत्तर तिला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नव्हतं. त्यात पप्पांचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून कामातून गेलेला. यंदा काठी उचलायची आणि पुढच्या वर्षी पुतण्याच्या हाती द्यायची, असं डॉक्टरांशी भांडून ठरलं होतं. पप्पा एकदा तरी पुढे चढावेत असं तिला फार वाटत होतं, आणि त्यासाठी हीच एक जत्रा उरली होती.

घडलं काय होतं, ते घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं.

जुन्या संगणकांची स्मृती शाळेतल्या हजेरीसारखी चालायची. गुरुजी पहिल्या बाकापासून निघणार, शेवटच्या भिंतीपर्यंत जाणार. ‘मानाच्या काठ्या कोणत्या?’ असं विचारलं की यंत्र एकेका बाकापाशी थांबत सात नावं गोळा करून आणायचं; ज्याची नोंद आधी झाली, ते नाव बहुतेक वेळा आधी. पण तसा नियम कुठेच नव्हता. क्रम हवा असेल तर प्रश्नातच तो मागावा लागतो: वयाप्रमाणे लाव, तारखेप्रमाणे लाव. न मागता मिळालेला क्रम ही नुसती यंत्राची सवय. ती सवय वर्षानुवर्षं मोडली नाही, म्हणून लोकांना तो कायदा वाटू लागला.

यंदा ट्रस्टने नवी स्फटिक-स्मृती बसवली होती. बत्ताशाएवढा काचेचा खडा, सगळ्या नोंदी त्याच्या पोटात, आणि विजेचं बिल जवळजवळ नाहीच. इथे कोणी बाकाबाकाशी जात नाही. प्रश्न म्हणजे प्रकाशाचा एक लखलखाट; तो एका झटक्यात सगळ्या खड्यातून जातो आणि ज्या नोंदीचं उत्तर ‘हो’ असतं ती स्वतःच चमकते. गुरुजींनी मैदानात उभं राहून ‘पोहायला कोणाकोणाला येतं?’ असं ओरडावं आणि पोरांनी हात वर करावेत, तसं. हात सगळे वर येतात, पण आधी कोणाचा येईल ते सांगता येत नाही. खड्याचा जो भाग किंचित उबदार, तिथून प्रकाश किंचित उशिरा निघतो. थंड भागातून आधी. म्हणजे सात नावं दर वेळी बरोबर, आणि त्यांचा क्रम मात्र हवेवर.

आता शरयूचं काम. चाचणी म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो रोज मोठ्या प्रोग्रामला तोच प्रश्न विचारतो आणि आलेलं उत्तर कोणीतरी आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडून बघतो. जुळलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल. काठ्यांची चाचणी पहिल्या नावाशी पहिलं, सातव्याशी सातवं असं ताडत होती. इतकी वर्षं ती हिरवीच, म्हणून तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं. आता ती लाल झाली होती. आणि लाल दिवा असेपर्यंत कंपनी पायऱ्यांवरचं फाटक चालू करत नसे. पूर्वी कुठल्याशा जत्रेत चेंगराचेंगरी झाल्यापासून ही फाटकं सक्तीची होती. ज्या काठीचं नाव पुकारलं जाईल तिच्यासाठीच उघडणारी. फाटक बंद म्हणजे काठ्या खाली आणि देवी वर.

तिने तिच्या वरिष्ठांना, भूषण सरांना फोन लावला. ते हसत होते, पण ते हसणं दमलेल्या माणसाचं होतं.

“शरयू, निम्म्या देवस्थानांच्या चाचण्या लाल झाल्यात. एका गावात पंगतींचा क्रम उलटा लागला, वाढपी आधी जेवून उठले आणि मानकरी रुसून निघून गेले.”

“मग करायचं काय, सर?”

“दोनच रस्ते. गावाला क्रम हवा असेल, तर तो प्रश्नात मागायचा आणि चाचणीत तपासायचा. नको असेल, तर चाचणीने क्रमाकडे बघायचंच नाही. सातही आल्या का, एखादी दोनदा तर नाही ना आली, एवढं पुरे. पण कुठला रस्ता ते गावाला विचार. आपल्या मनाने क्रम घालायचा नाही.”

शरयूने नोंदी उघडल्या. प्रत्येक काठीपुढे ‘मानक्रम’ नावाचा एक रकाना होता आणि तो सातही ठिकाणी रिकामा होता. इतक्या वर्षांत कोणाला तो भरायची गरजच वाटली नव्हती. बाबरांच्या पुढे एकचा आकडा टाकायचा, प्रश्नात ‘मानक्रमाप्रमाणे’ एवढं वाढवायचं, की झालं. दर वेळी वेगळं नाव निघाल्यावर निम्मं गाव तर आता कुजबुजत होतं की हा देवीचा कौल असणार. कोणाला संशय आला असता तरी देवीवर संशय घेण्याची छाती कोणाची होती?

तिने लॅपटॉप मिटला आणि चहा करायला गेली. चहा उतू गेला, कारण तिच्या डोळ्यांपुढून तो रकाना हलत नव्हता.

आपल्याकडच्या गावांना विज्ञान कळत नाही, असं म्हणणाऱ्याने त्या आठवड्यात खडकवण्याला यायला हवं होतं. खड्याची थंड बाजू आधी बोलते, हे गावाने दोन दिवसांत हुडकलं. सकाळी खिडकीतून ऊन आलं की यादव मागे पडतात, दुपारी पंखा लावला की सुतार पुढे येतात, याचा अभ्यास झाला. शरयू ऑफिसात गेली तेव्हा खड्याच्या पेटीला एका बाजूने बर्फाची पिशवी टेकवलेली होती, दुसऱ्या बाजूने चहाचा थर्मास, आणि वर कुल्फीचा साचा. कोपऱ्यात एक कोरा करकरीत एसी गारवा सोडत होता. तो अध्यक्षांनी भाविकांच्या सोयीसाठी दिला होता, पण त्याचं तोंड भाविकांकडे नव्हतं.

“मिलिंदकाका, हे काय?”

मिलिंद गुरव गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसले होते. “मला काय विचारतीस? सकाळधरनं सगळी दर्शनाला येत्यात आन हितंच बसत्यात. देवीम्होरं दोन मिनटं, खड्याम्होरं दोन तास.”

त्याच संध्याकाळी तिने देवळाच्या मंडपात बैठक बोलावली. सातही घरं आली. शरयूने हजेरीची आणि हात वर करण्याची गोष्ट सांगितली, आणि म्हणाली, “हा कौल नाही, बिघाडही नाही. यंत्राला आपण क्रम कधी मागितलाच नव्हता. तुम्हाला कोणता हवाय ते सांगा, मी तोच लावते.”

“जुना लाव. पूर्वापार हाय तो,” प्रवीणराव म्हणाले.

मिलिंद गुरवांनी घसा साफ केला. “पूर्वापार न्हाई, प्रवीणदादा. ट्रस्टचा पहिला कॉम्प्युटर आला तवा नोंदी म्याच घातल्या. जो आला त्येचं नाव घातलं. तुमचं घर ऑफिसला लागून. तुमचं वडील बनियनवरच आलं, चप्पल बी घातली न्हवती. म्हनून तुम्ही पहिलं.”



“म्हंजे आमचा मान...” प्रवीणराव मिलिंद गुरवांकडे वळले.

“त्येच्या आधी कसला आलाय क्रम,” हौसाआक्का मगर म्हणाल्या. त्यांना गावातलं सगळं आठवत असे, आणि गावाला ते गैरसोयीचं होतं. “जो आधी पायरीला लागंल त्येचा मान. दरसाल एकाचं तरी डोकं फुटायचं. कॉम्प्युटर आला आन डोकी वाचली.”

मग जी काय चर्चा रंगली, विचारू नका. घरातल्या वडीलधाऱ्याच्या वयाप्रमाणे लावा, असं कोणी म्हणालं, तर यादव लगेच उठले आणि अंथरुणावरच्या आजोबांना खुर्चीसकट आणू का विचारू लागले. काठीच्या उंचीप्रमाणे म्हटल्यावर सुतार गालात हसले, कारण बांबूला बांबू जोडणं त्यांच्या हातचा मळ होता. बाराखडीप्रमाणे लावा, ही सूचना प्रवीणरावांना मनापासून आवडली. सातांत ‘ख’ सगळ्यांच्या आधी येतो हे त्यांनी मनातल्या मनात पाहून घेतलं होतं. “मग बाराखडी उलटी म्हणूया,” सुतार म्हणाले.

या गोंधळात रमजानभाई मुलाणींनी मधेच विचारलं, “ते राहू द्या. आम्ही सगळे एकाच दिवशी नाव घालून आलो. संतोष तेवढा दुसऱ्या दिवशी आला. का रे, तू का मागं राहिलास?”

“हुतं काम,” संतोष बाबर म्हणाले आणि खिशातले शेंगदाणे शोधू लागले. मिलिंद गुरव शरयूकडे पाहून हसले. बैठक उद्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष बाबर अंगणात काठी आडवी घालून तिला तेल लावत बसले होते. खांदा दुखत होता म्हणून डाव्या हाताने. शरयू शेजारी बसली आणि फडकं तिने आपल्या हातात घेतलं. मग तिच्याने राहवलं नाही.

“पप्पा, मी तुम्हाला पहिलं करू शकते. एकच ओळ लिहायची आहे. कुणाला कळणार पण नाही.”

“तुला कळंल की.”

“मला चालेल.”

“तुला चालणार न्हाई. तू चहा उतू घालवायला लागलीस.” ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, “आन मला पहिलं कशाला करतीस? मी शेवटी का हाय ते तुला ठाऊक हाय का?”

“उशिरा गेलात म्हणून.”

“उशिरा न्हाई. मी ऑफिसच्या दारात उभा हुतो. थोरले खराडे बनियनवर आत गेले, त्यांच्या मागं मीच. तेवढ्यात तालुक्याच्या दवाखान्यातनं तुझ्या आजीचा फोन आला. मिलिंद म्हनला, दोन मिनटं थांब, नाव घालून जा. म्या म्हनलं, माझं शेवटी घाल, मी निघालो.” ते काठीवरून हात फिरवत राहिले. “पोचलो तवा तू नुकतीच आलेलीस. एवढीशी, आन गावभर ऐकू जाईल असं रडत हुतीस. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आलो आन तवा नाव घातलं.”

शरयूच्या हातातलं फडकं थांबलं.

“मी पहिलीत असताना विचारलं होतं तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?”

“कसं सांगणार? तुझ्यामुळं मागं राहिलो, असं ऐकून तुला काय वाटलं असतं? तुझीच चूक हाय असं धरून बसली असतीस.” मग ते जरा लाजल्यासारखे म्हणाले, “अगं, दरसाल खाली थांबतो ना, सगळे वर गेल्यावर एकटाच असतो. तवा दरसाल तो दिवस आठवतो. आनंद हुतो मला. पहिला नंबर घेऊन मी काय करू?”

शरयूला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. इतकी वर्षं ती पप्पांच्या वतीने ज्या जागेवर चिडत होती, ती जागा त्यांनी तिच्याचसाठी घेतली होती, आणि मग खुशीने जपली होती. फडक्यानेच डोळे पुसल्यामुळे तिच्या गालाला तेल लागलं. पप्पांनी ते पाहिलं आणि मोठ्याने हसले, आणि मग तीही हसली.

संध्याकाळच्या बैठकीत कोणी काही बोलायच्या आत संतोष बाबर उभे राहिले. असं ते कधी करत नसत.

“पहिलं कोण ते तुमचं तुम्ही बघा. सातवा मी. ती जागा मी मागून घेतलेली हाय, ती काय मी सोडणार न्हाई.” आणि ते का, तेही त्यांनी सांगितलं, दवाखाना, फोन, पेढे, सगळं. शरयू मान खाली घालून सतरंजीचे धागे ओढत होती.

हौसाआक्कांनी पदर डोळ्यांना लावला. रमजानभाई म्हणाले, “तो पेढा मी खाल्लाय.” सुतारांना मात्र वेगळंच काही वाटलं. “शेवटची जागा एवढी चांगली हुती, तर आम्हाला बी विचारायचं की,” ते म्हणाले, आणि मंडप हसून हसून लोळला. त्या हसण्यात आधीचा सगळा कडवटपणा निघून गेला. शेवटी राहायची ज्याला त्याला भीती होती, आणि ती जागाच आता भरली होती. उरलेल्या सहांत कोणी कुठेही आला तरी शेवटी येणार नव्हता.

“मग सहांचं खड्यालाच ठरवू द्या,” प्रवीणराव सावकाश म्हणाले. त्यांच्या तोंडून हे निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं, बहुधा त्यांनाही. “पण पेटी गाभाऱ्यात ठेवायची. तिथं ऊन न्हाई, वारा न्हाई. आन कुल्फी तर अजिबात न्हाई.”

“आणि एसी?” शरयूने विचारलं.

“तो मिलिंदच्या तोंडाकडं फिरवा.”

शरयूने त्याच मंडपात बसून चाचणी बदलली. सात काठ्या आल्या पाहिजेत. एकही गळता कामा नये, एकही दोनदा येता कामा नये. पहिल्या सहांचा क्रम कसाही असो, तो तपासायचा नाही. सातवी मात्र बाबरांचीच. रिकाम्या ‘मानक्रम’ रकान्यांपैकी तिने एकच भरला, त्यात सात लिहिलं, आणि रकाना भरलेली काठी सगळ्यांत मागे लाव असं प्रश्नात स्पष्ट मागितलं. मिलिंदकाकांनी वीस-पंचवीस वेळा बटण दाबून पाहिलं. सहा नावं पत्त्यांसारखी पिसली जात होती, सातवं जागचं हलत नव्हतं. दिवा दर वेळी हिरवा.

जत्रेच्या सकाळी सगळ्या गावासमोर प्रश्न विचारला गेला आणि पहिली काठी निघाली मुलाणींची. रमजानभाईंना त्यांच्या आयुष्यात इतका गुलाल कधी लागला नव्हता. खराडे आले सहावे. प्रवीणराव पायऱ्यांच्या तळाशी संतोष बाबरांच्या शेजारी उभे राहिले. सुरुवातीला घुश्शात, मग नुसतेच, आणि मग हात पुढे करून शेंगदाणे मागत.

“हितं बरं असतंय रे,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “रेटारेटी न्हाई, सावली बी हाय. तू बोलला न्हाईस कधी.”

“तुम्ही कधी मागं वळून बघितलं न्हाई, दादा.”

खराड्यांची काठी वर गेली. यंदा हलगीवाले थकले नव्हते, कारण आपणही बाबरांसाठीच थांबायचं असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. आणि जेवायलाही कोणी पांगलं नव्हतं. शरयूने काठीच्या शेंड्याची एक दोरी कमरेला बांधून घेतली, म्हणजे पप्पांच्या उजव्या खांद्यावर भार कमी येईल. तेवढ्यात तिच्या फोनवर भूषण सरांचा निरोप आला. बाकी सगळ्या देवस्थानांच्या चाचण्यांत एकतर पूर्ण क्रम होता किंवा अजिबात नव्हता. तुझ्याच गावात फक्त शेवटचा एक का तपासतेस, आणि ही अट आली कुठून, असं त्यांनी विचारलं होतं.

वर कर्ण्यातून गोड आवाज आला, “मानाची सातवी काठी, बाबर.” फाटक उघडलं. संतोष बाबरांनी काठी उचलली आणि शरयूने दोरी ताणून धरली. पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी तिने एका हाताने उत्तर लिहून टाकलं.

‘हा क्रम आपोआप आलेला नाही, सर. मागून घेतलेला आहे.’